मूलच्या उन्हात ओव्हरक्लॉक

मे महिन्यात आमच्या मूलमधे चहा प्यायचा म्हटला तरी माणूस दोनदा इचार करते, का बा गॅस पेटवावा का नाई. टाकीतलं पाणी असं तापते का आंघोळीचं पाणी सकाळीच बकेटीत भरून ठेवा लागते, थंड होवाले. अशा गावात, अशा महिन्यात, मी एक प्रोसेसर आणला अन् त्याले कंपनीनं सांगतल्यापेक्षा जास्त जोरात पळवाचं ठरवलं. याले ओव्हरक्लॉकिंग म्हणतेत. कोणाले मले बह्याड म्हणाचं असन तं म्हणा. गल्लीनं आधीच म्हणून ठेवलं हाय, तुमचा नंबर मागं लागन.

शाळा काऊन सोडली हे इथी इचारू नका. त्याच्यावर इतवारी भाऊच्या ओट्यावर रोज चर्चा होते, तिथी जाऊन बसा. कामाची गोष्ट एवढीच का माह्या अब्बाचं, म्हणजे सादिकभाईचं, पत्र्याच्या कूलरचं दुकान हाय अन् मले त्या दुकानात बसाचं नव्हतं. दिवसभर ठणठण, ठणठण. मले लग्नाचे पिक्चर बनवाचे होते. शेजारच्या अख्तरी खालाच्या रूहीचं लग्न मी चार कॅमेऱ्यानं शूट केलं, वरतून ड्रोन. सगळं जुन्या कॉम्प्युटरमधे टाकलं तं त्यानं पान्हावलेल्या म्हशीसारखा एक उसासा टाकला अन् गप्प झाला.

अख्तरी खाला रोज भिंतीवरून इचारे, "जिशान, रूहीचा पिक्चर झाला काय रे?"

"होऊन राह्यला, खाला."

"पोट्टीले लेकरू होईन तवा दाखवशीन काय?"

हे अब्बानं ऐकलं. हातातली पत्र्याची कात्री खाली न ठेवता म्हणे, "रविवारी रूहीच्या सासरचे सिरोंच्यावरून दावतले येऊन राह्यले. त्याईच्या जेवणाच्या आधी टीव्हीवर पिक्चर लागला पाहिजे. लागला, तं मी जिंदगीत तुह्यासमोर दुकानाचं नाव नाई घेणार. नाई लागला, तं सोमवारपासून कात्री पकड."

"मंजूर."

"इचार करून बोल."

"मंजूर म्हटलं ना!"

मी इचार करून बोलत नाई. त्याच्यात टाइम जाते.

माही गाडी विकली. नागपूरच्या दुकानदाराले फोन करून म्हटलं, सगळ्यात वरचा प्रोसेसर पाहिजे, लॉक नसलेला, म्हणजे पळवता येते तो. त्यानं तो बसच्या कंडक्टरजवळ देल्ला. आमच्याकडे कंडक्टरजवळ काहीही देतेत, डबा, औषध, कोंबडी, एखाद्या टाइमले सासू. मी स्टँडवर गेलो तं पाहतो का अब्बा हातठेला घेऊन उभे. कोणीतरी त्याईले सांगतलं होतं का जिशाननं बाजारातली सगळ्यात ताकदवान चीज मागवली. त्याईच्या डोक्यात डिझेल इंजिनाएवढं काही होतं.

कंडक्टरनं खिशातून डब्बी काढली. अब्बानं डब्बी पाह्यली, मंग ठेला पाह्यला, मंग मले पाह्यलं. डब्बी ठेल्यावर मधोमध ठेवली अन् बाजारातून घरापर्यंत ढकलत नेली. मी मागं मागं. लोकं उभे राहून पाहून राह्यले होते, जसा का जनाजा चालला.

गल्लीत इतवारी भाऊ भेटला. राइस मिलमधे मिस्त्री हाय, दुनियेतली कोणतीबी गोष्ट तो मिलवर नेऊन उभी करते.

"एवढासा? याच्यापेक्षा मोठे तं आमच्या मिलमधले उंदीर हायेत."

"भाऊ, हा एका सेकंदात अब्जावधी हिशेब करते. अन् मी त्याले आणखी पळवणार."

"म्हणजे पुली बदलवणार." इतवारी भाऊनं बिडी कानावर ठेवली. "पाहा बाप्पा. पुली बदलली का हलर जोरात पळते, हे खरं. पण मंग दाणा तुटते, तांदूळ कमी अन् कणी जास्त पडते."

"भाऊ, हे कॉम्प्युटर हाय. याच्यात धान नाई टाकत."

"अन् ग्रीस देजो. आठवड्यातून एकदा."

मी तोंड फिरवलं. अडाणी माणसाच्या तोंडी लागू नाई, असं माहं मत हाय. अन् गल्लीचं बी माह्याबद्दल तेच मत हाय.

आता पेटी पाहिजे होती, म्हणजे कॅबिनेट. अब्बा म्हणे, "पत्रा हाय आपल्याजवळ. संध्याकाळपर्यंत ठोकून देतो."

"कूलरसारखी दिसन."

"मंग कूलरमधे काय खराबी हाय?"

मी पायात चप्पल घातली. अब्बा पत्र्याकडे वळले, अन् त्या दिवशी ठणठण जरा जास्तच जोरात होती.

मी गेलो दसरू भाऊकडे. तो जंगलातल्या एका गावात राह्यते, सागवानात वाघ कोरते, जिप्सीतून वाघ पाहाले येणारे अन् वाघ न दिसलेले लोकं ते घेऊन जातेत. त्याले म्हटलं, भाऊ, अशी पेटी बनव का तोंडावर वाघ पाहिजे, अन् वाघाच्या जबड्यातून पंख्याची हवा आंत गेली पाहिजे. त्यानं जुन्या खाटेचं सागवान काढलं अन् असा वाघ कोरला का मलेच जरा मागं सरकाव लागलं. मी तिथीच, त्याच्या आंगणात, मदरबोर्ड अन् प्रोसेसर पेटीत बसवला, फडक्यात बांधला अन् बसमधे मांडीवर घेऊन निंघालो. जिंदगीत इतकी इज्जत मले कधी वाटली नव्हती.

नाक्यावर बस थांबली. वनरक्षक रंजीता बाई वर चढल्या. नजर सरळ माह्या मांडीवर.

"हे काय हाय?"

"कॉम्प्युटर."

फडकं काढलं. वाघ बाहेर आला. मागच्या सीटवरचं लेकरू रडाले लागलं.

"हे सागवान हाय. पावती दाखव."

"बाई, कॉम्प्युटरले काऊन जंगलाची पावती लागते?"

"कॉम्प्युटरले नाई लागत. झाडाले लागते. लाकूड कुठून आणलं?"

"खाटेचं हाय, जुन्या."

"मंग खाटवाल्याले आण, त्याले लिहून द्याले लाव, अन् घेऊन जा. गरम होऊ नोको, रोजचं काम हाय आमचं."

त्या अशा शांत बोलल्या का माहं डोस्कं आणखीच फिरलं. शांत माणसासंग भांडता येत नाई, ही दुनियेतली सगळ्यात मोठी नाइन्साफी हाय. मी म्हटलं, "ठेवून घ्या तुमचा वाघ!" खिशातून पेचकस काढला, सगळ्या बससमोर मदरबोर्ड खोलला, फडक्यात गुंडाळला अन् छातीशी धरून बसलो. ड्रायव्हर म्हणे, "बाळंतपण झालं असन तं निघू काय?"

घरी आलो. पेटी नाई. अब्बाले पेटी मागणं शक्य नव्हतं, माह्याच तोंडानं रस्ता बंद करून ठेवला होता. म्हणून जेवाच्या पाटावर सगळं मांडलं. पाटावर मदरबोर्ड, बाजूले पॉवर सप्लाय, वर वायरांचं झुडूप. अम्मी म्हणे, "आता जेवाले कशावर बसू?" तिले म्हटलं, विज्ञानासाठी थोडं उभं राह्य.

अन् तो चालू झाला! कंपनीच्या वेगानं, गुपचूप, पाण्यासारखा. त्याच वेळी मी पिक्चर लावून देला असता तं त्याच दिवशी, गुरुवारीच, झाला असता, हे मले बी मालूम हाय, पुन्हा पुन्हा सांगू नका. पण लॉक नसलेला प्रोसेसर घेऊन त्याले कंपनीच्या वेगानं चालवणं म्हणजे घोडा घेऊन त्याले हातानं ओढत नेणं. मी सेटिंगमधे गेलो, वेग वाढवला, व्होल्टेज वाढवलं अन् पिक्चर लावला.

तापमानाचा आकडा असा चढला जसं मीटर रिक्षाचं. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. टप. बंद.

पुन्हा लावला. टप.

अम्मी दारात उभी होती. म्हणे, "तुह्यावरच गेला. डोस्कं गरम झालं का बंद पडते."

अख्तरी खाला भिंतीवरून सगळं पाहून राह्यली होती. ती आत आली, पदराच्या गाठीतून एक कांदा काढला अन् पाटावर, प्रोसेसरच्या बाजूले ठेवला.

"खाला, हे काय?"

"लू लागली त्याले. उन्हात माणूस जवळ कांदा ठेवते ना? असू दे, काही इजा नाई होत."

मी कांदा फेकला. ती गेल्यावर उचलून परत ठेवला. माह्या मनात काही नव्हतं, पण रविवार जवळ येऊन राह्यला होता.

वेग एक पायरी कमी केला तं बंद पडणं थांबलं. मी खुश. आधी निकाहाचा भाग बनवून पाह्यला. नवरदेवाचा चेहरा हिरवा, काझीसाहेबाची दाढी तुटून शेजारच्या माणसाच्या खांद्यावर, अन् रूही आपा तं सगळी चौकटी चौकटी. खिडकीतून इतवारी भाऊ पाहून राह्यला होता.

"कणी पडली," तो म्हणे.

मी खिडकी लावून घेतली. त्या उन्हात खिडकी लावणं म्हणजे स्वतःलेच सजा देणं, पण काही गोष्टी इज्जतीसाठी कराव लागतेत.

आता दोनच रस्ते होते. एक, हार मानाची. दुसरा, थंडी कुठून तरी आणाची. पहिला मी पाह्यलाच नाई. थंडी मूलमधे एकाच जागी होती, अब्बाच्या दुकानात, जिथी लग्नाच्या हॉलवाला मोठा कूलर टेस्टिंगले लावून ठेवला होता, दरवाजाएवढा. शनिवारी अब्बा जेवाले घरी आले तवा मी पाट उचलला अन् दुकानात नेला.

कूलरसमोर पाट ठेवला तं पाण्याचे तुषार उडाले. प्रोसेसरले पाणी म्हणजे जहर. मंग कूलर मागं सरकवला, तं हवा इकडेतिकडे पांगली. हवा बांधून आणाले नळकांडं पाहिजे, लांब, कूलरच्या तोंडापासून पाटापर्यंत, मधात वाक देल्लेलं, म्हणजे थेंब वाकात पडन अन् निसती हवा पुढं जाईन. अन् असं नळकांडं कशाचं बनते? मी दुकानात चारी बाजूले पाह्यलं. चारी बाजूले पत्रा.

मी कात्री उचलली.

लहानपणापासून पाहून पाहून हात आपोआप चालते, हे मले मालूम नव्हतं. कापला, वाकवला, रिबिट ठोकले, ठणठण, ठणठण. एक बोट बी कापलं. नळकांडं बसवून वर पाह्यलं तं अब्बा दारात उभे, कधीपासून कोण जाणे.

"सोमवारपासून म्हटलं होतं," अब्बा म्हणे. "तू शनिवारीच लागला."

"हे दुकानाचं काम नाई. हे कॉम्प्युटरचं काम हाय."

"काठ वाकडा कापला."

"चालते."

"कॉम्प्युटरमधे चालत असन," म्हणे, अन् माह्या बोटाले चिकटलेली कूलरच्या गवताची काडी पुसून वरतून चिंधी बांधून देल्ली.

पण हवा आली! बर्फासारखी, खसच्या गवताचा वास मारत. मी वेग वाढवला. आकडा सत्तरच्या वर गेला नाई. आणखी वाढवला. बंद नाई, कणी नाई. रूही आपाचा चेहरा एकदम चोख. मी त्या प्रोसेसरले म्हटलं, आता कसं. रातभर वेगच वाढवत बसलो, अन् रविवारी सकाळी सगळा पिक्चर एकदम बनवाले लावला अन् खुर्ची टाकून बसलो.

ऊन वर आलं. गल्लीतले कूलर एक एक करून चालू झाले. बल्ब पिवळा पडला, हॉलवाला कूलर कण्हाले लागला, अन् टप. सगळं पहिल्यापासून.

वायरमन नागसेन भाऊले धरून आणलं. त्यानं खांबाकडे पाह्यलं, गल्लीकडे पाह्यलं.

"लाइन तेवढीच हाय, जिशान. घराघरात कूलर. वरतून तुहा हा हत्ती."

"मंग?"

"मंग काही नाई. गल्लीतले कूलर बंद झाले तं तुहा चालन."

"दुपारी? मे महिन्यात? कोण बंद करन?"

"ते मले काऊन इचारतं? मी वायरमन हाव, पीर नाई."

आता समजून घ्या. त्या गल्लीत असं एक घर नव्हतं जिथी मी भांडलो नव्हतो. कोणाच्या कोंबडीवरून, कोणाच्या पतंगावरून, इतवारी भाऊसंग तं परवाच, खिडकीवरून. अन् अब्बा दुकानात बसून कात्रीले तेल लावून राह्यले होते. निसतं तेल. हळू हळू.

मी उठलो अन् पहिलं दार इतवारी भाऊचंच वाजवलं. म्हटलं जे सगळ्यात कडू ते आधी.

"भाऊ, दुपारपुरता कूलर बंद करा."

"काऊन?"

मी दात चावून म्हटलं, "कणी पडून राह्यली."

इतवारी भाऊ माह्याकडे पाहतच राह्यला. मंग त्याच्या तोंडावर असं सुख आलं जसं का मिल त्याच्या नावावर झाली. "अरे, पहिले सांगाचं ना बे!" स्वतः उठला, स्वतःचा कूलर बंद केला, अन् माह्यासंग घरोघरी आला. "बंद करा बाप्पा, पोट्ट्याची कणी पडून राह्यली." कोणाले काही समजलं नाई, पण मिस्त्री म्हणते म्हणजे काही मोठंच असन. सगळी गल्ली बंद झाली. इतकी शांतता मी ईदच्या नमाजेत बी ऐकली नव्हती.

पण कूलर बंद केल्यावर लोकं कुठी जाणार? जिथी एकच कूलर चालू हाय तिथी. अर्ध्या घंट्यात सगळी गल्ली दुकानात. लेकरं, म्हातारे, दोन बकऱ्या. तेवढ्यात सिरोंच्याचे पाहुणे उतरले. अख्तरी खालाच्या घरी कूलर बंद, तं तिनं त्याईले बी इथीच आणलं, टीव्ही सुद्धा आणला. नवरदेवाचे वडील गवताच्या गठ्ठ्यावर बसले, त्याची दादी पत्र्याच्या थप्पीवर. रूही आपा माह्या कानात म्हणे, "जिशान, नाक कापशीन ना, तं मी तुहा कान कापन."

माणसं वाढली, तशी गर्मी वाढली. आकडा पंच्याऐंशी. पाहतो तं इतवारी भाऊनं नळकांडं स्वतःकडे वळवून घेतलं होतं.

"भाऊ! हवा सोडा!"

"आमचे कूलर बंद करून आमच्यावरच वरडतं?"

बोलण्यात दम होता. मी सेटिंग उघडली अन् चालत्या मशीनवर वेग एक पायरी उतरवला. जीवावर आलं. पण नळकांड्याचं तोंड थोडं प्रोसेसरकडे, थोडं लोकांकडे असं करता आलं. आकडा थांबला. पडद्यावर पिक्चर किती बनला ते दाखवणारी पट्टी हळू हळू सरकाले लागली.

अन् मंग वास आला. बिर्याणीचा. खालाच्या दावतची डेग अम्मीनं दुकानाच्या मागच्या आंगणात चढवली होती. मी पट्टी पाह्यली. थोडी बाकी होती, पण बाकी होती. शर्त जेवणाच्या आधीची होती.

अब्बानं आवाज देला, "झाली काय? पाहुणे भुकेले हायेत."

अम्मीनं आंगणातूनच म्हटलं, "दम बसला नाई अजून."

पट्टी सरकली. लेकरं रडाले लागले.

"आता?"

"दम बसला नाई."

दादीनं पोटावर हात ठेवून तेलुगूत काहीतरी म्हटलं. तेलुगू मले येत नाई, पण भूक कळते. अब्बा उठले. आंगणात गेले. मी मान वळवून पाह्यलं. डेगीखालचा जाळ केव्हाचाच विझला होता, राख बी पांढरी पडली होती. अम्मी डेगीसमोर हातपंखा घेऊन बसली होती, जसा का मोठा दम देऊन राह्यली. अब्बानं झाकणाले हात लावला. अम्मीनं त्याईच्याकडे पाह्यलं. अब्बानं हात काढून घेतला, आंत आले, अन् सगळ्याईले आयकू जाईन असं म्हणाले, "खरंच बसला नाई. माही बायको कच्ची बिर्याणी नाई वाढत."

सगळी गल्ली त्या पट्टीकडे पाहून राह्यली होती. इतवारी भाऊनं आपल्या वाट्याचं नळकांडं गुपचूप प्रोसेसरकडे सरकवून देलं.

झाला.

मी टीव्हीत वायर घातली. पडद्यावर रूही आपा उतरली, चोख, एक कणी नाई. अख्तरी खाला रडाले लागली. नवरदेवाची माय म्हणे, "मले कमीच दाखवलं." अन् अब्बा दारातून आंगणाकडे पाहून म्हणे, "वाढ वं. बसला दम."

अब्बानं शब्द पाळला. दुकानाचं नाव काढलं नाई.

रंजीता बाईनं वाघाची पेटी मागल्या आठवड्यात सोडली, दसरू भाऊनं जाऊन खाटेचं लिहून देलं. अम्मीनं त्यात कांदे भरले. वाघाच्या जबड्यातून हवा खेळते, सडत नाईत म्हणे.

अन् मी? रोज दुकानात बसतो. कारण मूलमधे माहा प्रोसेसर त्याच्या खऱ्या वेगानं फक्त त्या कूलरसमोर चालते. पुढच्या दोन लग्नाचं काम हाय. कोपऱ्यात माही खुर्ची हाय, पाट हाय, वाकड्या काठाचं नळकांडं हाय. काल अब्बा तिकडून म्हणे, "जिशान, हात रिकामा असन तं हा एवढा कोना कापून देतं काय?"

मी पडद्यावरून नजर न हटवता म्हटलं, "थांबा ना अब्बा. दम बसला नाई अजून."